थोरला फोन ठेवतो

माझ्या थोरल्याला फोन ठेवायची भारी घाई. समोरचं माणूस बोलतंय, वाक्य अजून तोंडातच आहे, आणि हा "बरं आई, ठेवतो" म्हणून मोकळा. दारावर आलेल्या विक्रेत्यालासुद्धा माणूस याहून नीट वाटेला लावतं. याला बोलायला मीच शिकवलं. पहिला शब्द "नको" असा काढला होता पोरानं. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

आता कोणी म्हणेल, म्हातारे, मुलगा रोज फोन करतो ना, मग कुरकुर कशाची? करतो. दिवे लागले की करतो. चेहरा दिसणारा फोन आहे. लेकीनं आणून दिला आणि कुठं बोट ठेवलं की माणसं येतात ते शिकवून गेली. मला अक्षरं जुळवून जुळवून वाचता येतात, पण तोवर माणसं थांबत नाहीत, म्हणून चित्रावरून ओळखते.

आमचा धंदा गाद्यांचा. नवरा कापूस पिंजायचा, मी खोळी शिवायची, गाद्या भरायची, वरून टाके घालायची. दुकानामागच्या खोलीत कापूस असा उडायचा की समोरचं माणूस धुक्यात उभं असल्यासारखं दिसायचं. तोंडाला फडकं बांधा म्हणून कोणी सांगितलं की नवरा म्हणायचा, "घरचाच कापूस आहे, परका थोडाच आहे?" आम्ही हसायचो. तो घरचा कापूस नवऱ्याला घेऊन गेला आणि माझ्या छातीत मुक्कामाला राहिला. डॉक्टर त्या दुखण्याचं लांबलचक नाव सांगतात. मला माझ्या धंद्यातलं कळतं. जुन्या गादीतला कापूस दबून दबून घट्ट झाला की कितीही झोडपा, फुलत नाही. माझ्या फुप्फुसांचं तसं झालंय. आत गेलेली हवा निघायचं नाव घेत नाही आणि नव्या हवेला टेकायला जागा नाही.

म्हणून कोपऱ्यात यंत्र आहे. ते हवेतला ऑक्सिजन गाळून घेतं आणि लांब नळीतून माझ्या नाकात सोडतं. मी त्याला जावई म्हणते. एकदा येऊन बसलाय, उठायचं नाव नाही, दिवसभर घुरघुरतो, वीज खातो, आणि त्याला काही बोलायची सोय नाही, कारण आपली मान त्याच्या हातात. माझा खरा जावई याच्यापेक्षा कमी घोरतो, असं लेक म्हणते. मी खात्री करायला गेलेली नाही.

गेल्या थंडीच्या सुट्ट्यांत मी थोरल्याकडे होते. सगळी पोरं, सुना, नातवंडं तिथं जमलेली. कुठल्याशा नातवाला सर्दी झाली होती. मुलांची सर्दी रुमालात मावते, माझी मावली नाही. दुपारी जेवता जेवता घास हातातच राहिला. थोरल्यानं मला उचलून जिना उतरवला. माझ्या गालात त्याच्या शर्टाचं बटण रुतलेलं, तेवढंच आठवतं. पुढची सगळी सुट्टी दवाखान्याच्या छताकडे बघण्यात गेली.

या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, प्रवास नाही, गर्दी नाही, शिंकणारं माणूस जवळ नाही. मुलांनी आपसात ठरवलं: सगळे पुन्हा थोरल्याकडे जमतील, आई आपल्या घरी राहील, आणि रोज फोन. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पण विचारायला नको?

म्हणजे या वर्षी सुट्टी म्हणून माझ्या पदरात जे काही पडणार होतं ते एवढंच, संध्याकाळचा फोन. आणि त्यातही हा मध्येच ठेवतो.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते. फोन वाजला, मी उचलला, तिकडे सुनेनं फोन पाण्याच्या जगला टेकवून टेबलावर ठेवला होता. थोरल्याची धाकटी समोर आली. ती एका जागी बसत नाही म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. मुंगीनं कान फोनला लावला आणि विचारलं, "आजी, तू गाडीत बसलीयेस का? घुर्रर्र येतंय."

थोरल्याच्या घरचे सगळे हसले, बाकीचे अजून पोचायचे होते. मीही हसले. थोरला तेवढा हसला नाही, पण तो तसाही कंजूष आहे.

त्या दिवशी यंत्रामुळं मला त्यांचं अर्धं बोलणं ऐकू आलं नाही, आणि माझं त्यांना. नाकात नळी, गालावर नळीचे वळ, मागं घुरघुर. फोनच्या कोपऱ्यात आपला चेहरा बारीक दिसतो ना, तो मी बघितला. ज्या बाईनं भर बाजारात कापसाच्या व्यापाऱ्याला वजनातली खोट काढून दाखवली, ती ही? म्हटलं, नाही. हे ध्यान माझ्या नातवंडांच्या लक्षात राहता कामा नये.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आधी मी नळी काढली, जावयाला बंद केलं आणि नळी खुर्चीमागं टाकली. गालांवर तेल चोळून वळ घालवले. चांगले कपडे घातले. आंघोळीपुरतं यंत्र काढलेलं चालतं असं डॉक्टरच म्हणतात. मग बोलण्यापुरतं का नाही चालणार? आंघोळीला तर जास्त जोर लागतो.

बिनयंत्राचं बोलणं ही एक कला आहे. दोन्ही कोपर टेबलावर रोवायचे, म्हणजे छातीला आधार मिळतो आणि बघणाऱ्याला वाटतं, म्हातारी ऐटीत बसलीय. वाक्यं आखूड ठेवायची. आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारायचे. आपण प्रश्न विचारला की समोरचा बोलत सुटतो, तेवढ्यात आपल्याला दोन श्वास जास्त मिळतात. त्या आठवड्यात मी जेवढी चौकशी केली तेवढी पोलीसही करत नसतील.

"आजी, दात हलतोय बघ," मुंगी म्हणाली.

"दाखव. कुठला?"

"हा."

"अगं, दात दाखव, घसा कशाला दाखवतेस? दुखतो का?"

ती दुखण्याचं सांगत बसली. मी श्वास गोळा केला.

"तुझ्या बापाचा दात... पडला तेव्हा ना," मी सुरू केलं, "यानं काय केलं... सांगू?"

"सांग, सांग!"

"आम्ही दुकानात होतो. हा आला... मूठ झाकून..."

मागून थोरला आला. मुंगीच्या डोक्यावरून वाकून त्यानं फोनमध्ये बघितलं. माझ्याकडे बघितलं असं वाटलं नाही, काचेवरचा डाग बघावा तसं काहीतरी बघितलं.

"बरं आई, ठेवतो. उद्या करतो."

"अरे, मी सांगतेय तिला..."

गेला. काळ्या काचेत माझंच थोबाड.

खुर्चीमागची नळी हाताला लागेना. ती मिळेपर्यंत आणि जावई सुरू होईपर्यंत खोलीच्या कडा काळवंडून आल्या होत्या. नाकात हवा आली तशा एकेक कडा जागेवर परतल्या: कपाट, खिडकी, भिंतीवरचं, शिवणयंत्रापाशी उभ्या असलेल्या नवऱ्याचं छायाचित्र. त्यालाच म्हटलं, बघ तुझ्या पोराचे गुण. त्यानं जिवंतपणी कधी उत्तर दिलं नाही, आता काय देणार.

सुट्ट्यांत आमची इमारत रिकामी होते. समोरच्या दाराला कुलूप. वरच्या मजल्यावरची माणसं गावाला गेलेली. त्यांच्या धपाधपा चालण्याला मी वर्षभर शिव्या घालते. ती पावलं थांबली तेव्हा छत खाली आल्यासारखं वाटायला लागलं. दिवसा कानावर यायचं ते एवढंच: जावयाची घुरघुर, नळातलं ठिबकणं, आणि मध्येच जिन्यात कोणी आलं असं वाटणं. दूधवाला तेवढा खराखुरा यायचा. पिशवी दाराबाहेर ठेवून लांब उभा राहायचा, कारण मीच त्याला तसं दटावलं होतं.

"सुट्टीला कोणी आलं नाही का, आजी?" त्यानं विचारलं.

"आलेत ना. सगळे आत आहेत."

त्यानं कान दिला. "आवाज नाही येत."

"शिस्त आहे आमच्यात," म्हटलं आणि दार लावून घेतलं.

लेकीला फोनवर सांगितलं, तुझा भाऊ माझं तोंड बंद करतो. ती म्हणाली, "आई, त्याला कामं असतात गं." धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "दादाचा स्वभावच तुटक." मी म्हटलं, गादीसुद्धा एवढी तुटक असती तर गिऱ्हाइकानं परत आणून तोंडावर मारली असती.

त्यानंतरच्या फोनला मी आणखी तयारी केली. आधी बराच वेळ यंत्र लावून बसले, छातीत साठा करून ठेवावा म्हणून. पोटात अन्न साठतं, छातीत हवा साठत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. थोरला स्वतःच समोर आला.

"आई, कशी आहेस?"

"ठणठणीत. तू सांग. नोकरी... कशी चाललीय?"

"चाललीय."

एका शब्दात उत्तर. याच्याकडून दोन श्वास मिळवायचे म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. मी म्हटलं, "घर... गरम राहतं का? मुलं... काय करतात दिवसभर? तुझा तो साहेब..."

"आई, दमलीस तू. ठेवतो."

"दमली तुझी... ऐक, मी काय म्हणते..."

ठेवला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, ठेवायचं तुला येतं, न उचलायचं मला येतं. दुसऱ्या दिवशी दिवे लागले, फोन वाजला, आणि मी हात मांडीखाली घालून बसले. जावई चालू होता, म्हणजे मी छान श्वास घेत होते आणि बोलायला कोणी नव्हतं. असली चैन काय कामाची? फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा वाजेल म्हणून मी बसून राहिले. वाजला असता तर उचलला असता, हे कोणाला सांगू नये, पण उचलला असता. नाही वाजला. मी दिवा न लावता तशीच खिडकीपाशी बसले. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून येऊन रिकाम्या पलंगावर पडला होता. या घरात सुट्टीच्या दिवसांत जमिनीवर एकाला एक लागून गाद्या पडायच्या, पाय ठेवायला जागा नसायची, आणि मी ओरडायची, "अरे, माणसं आहात की बटाट्याचं पोतं?" आता ओरडायला दम नव्हता आणि ज्यांच्यावर ओरडावं ती माणसंही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारीच फोन वाजला. ही काही फोनची वेळ नव्हती. काचेवर सुनेचा चेहरा. ती बँकेत काउंटरवर बसते. चष्म्यातून बघते तेव्हा माझी सही जुळते की नाही ते तपासतेय असं वाटतं. तिचा फोन न उचलण्यात मजा नाही, तिला वाईट वाटत नाही. उचलला. मी पारोशी, केस विस्कटलेले, नाकात नळी, जावई जोरात.

ती काहीच बोलेना. नुसती ऐकत राहिली.

"काय गं? वाचा गेली का?"

"नाही आई. आज आवाज येतोय," ती म्हणाली. "बरं वाटलं."

"कसला आवाज?"

"यंत्राचा." तिनं चष्मा काढला. "संध्याकाळी तुम्ही ते बंद करून बोलता ना?"

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"कोणी म्हणायला कशाला पाहिजे? पहिल्या दिवशी आवाज होता, नंतर नाही. हे आधी कान लावून तेच ऐकतात. मग तुमचे ओठ बघतात. ओठ निळे व्हायला लागले की ठेवतात. तुम्ही बोलत राहाल तोवर यंत्र लावणार नाही, म्हणून ठेवतात."

 

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं त्याला?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, आई म्हणेल, मला शिकवतोस? आणि रागानं फोनच करू देणार नाही. ठेवल्यावर ते कुठं जात नाहीत हो. फोन हातात धरून बसून राहतात. काल तुम्ही उचलला नाही तेव्हा गाडीची किल्ली घेऊन जिना उतरले होते. मग मी तुमच्या खालच्या चौकीदाराला फोन केला. तो म्हणाला, सकाळी दूधवाल्याला ओरडत होत्या, आणि आत्ता खिडकीत बसलेल्या दिसतात. तेव्हा वर आले."

"गेल्या वर्षीचं डोक्यातून गेलं नाही वाटतं त्याच्या."

"जिन्यात तुमचा श्वास ऐकू येत नव्हता म्हणतात. तेवढंच म्हणतात."

मी नाकातली नळी नीट बसवली. पण लगेच दुसरं मनात आलं.

"म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक आहे? लेकीला? धाकट्याला? मी तेल लावून, कोपर रोवून नाटक करत होते, आणि तुम्ही सगळे तिकीट काढून बसला होतात?"

"नाही. फक्त आम्हा दोघांना." मग हळूच म्हणाली, "आणि मुंगीचा दात पडला काल. तुम्हाला दाखवायला मुठीत धरून बसली होती. तशीच झोपली."

हे मात्र लागलं. यंत्राचं नाही, थोरल्याचं नाही, हे. मी हट्टानं हात मांडीखाली घालून बसले होते तेव्हा ते पोर तिकडे मूठ धरून बसलं होतं.

"आज संध्याकाळी कोण कोण असणार?" मी विचारलं.

"सगळेच. आज सगळे पोचतायत."

"बरं. केस विंचरते," म्हटलं आणि यावेळी मीच फोन ठेवला.

संध्याकाळी नळी काढली नाही. गालांना तेल लावलं नाही. जावयाला ओढून खुर्चीजवळ आणलं, जरा मानानं. फोन वाजला. तिकडे सगळी गर्दी, लेक, धाकटा, त्यांची माणसं, पोरं एकावर एक. माझा चेहरा दिसला. लेकीनं तोंडावर हात ठेवला. नळी तिनं बघितली नव्हती असं नाही, पण माझ्या तोंडावर सरळसरळ, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच बघत होती.

मुंगी पुढं घुसली. पुढचा एक दात नव्हता. "आजी, नाकात परत ते काय घातलंयस?"

"दागिना आहे. दवाखान्यात घडवून घेतलाय."

"आणि घुर्रर्र?"

"तो जावई."

सगळ्यांनी वळून खऱ्या जावयाकडे बघितलं. तो बिचारा तोंडात काहीतरी घालत होता, तसाच थांबला. मग जो हशा उठला, त्यात जावयाची घुरघुर बुडाली. मी बोलले. लांब लांब वाक्यं बोलले, मध्ये न थांबता. धाकट्याच्या पोटावरून त्याला बोलले, लेकीच्या केसांवरून तिला बोलले. प्रश्न फारसे विचारले नाहीत. गरज नव्हती. मुंगीनं दात दाखवला, कागदात गुंडाळलेला, तांदळाएवढा. थोरला मात्र मागं दाराला टेकून उभा होता. पुढं येईना.

मग जेवणं मांडली. एकेक जण "आजी, आलोच", "आई, जेवून येतो" म्हणत उठला. फोन जगला टेकलेला तसाच राहिला. मला एक रिकामी खुर्ची, टेबलाचा कोपरा आणि थोडं छत दिसत होतं. पलीकडच्या खोलीतून ताटांचे आवाज, हसणं, कोणीतरी कोणाला तरी वाढ म्हणतंय. तिथली सगळी माणसं माझी होती, आणि मी पाण्याच्या जगला टेकून पाहुण्यासारखी बसले होते. कोणी परत येईल म्हणून मी नीट बसून राहिले. कोणी वाईट नव्हतं. भूक लागली होती त्यांना, एवढंच.

शेवटी थोरला आला. रिकाम्या खुर्चीत बसला. माझ्या ओठांकडे बघितलं, मग मान जराशी कलती करून ऐकलं. जावई चालू होता. त्याचे खांदे खाली आले.

आतून कोणीतरी त्याला जेवायला हाक मारली.

"ठेवू का?" त्यानं विचारलं.

म्हटलं, "विचारलंस, हे बरं झालं. इतके दिवस विचारत नव्हतास. आता माझा निकाल ऐक, मध्ये बोलू नकोस. मी यंत्र बंद करून बसत होते, ती माझी लबाडी. मी ती मान्य करत नाही, तू धरून चाल. पण आई गुदमरताना दिसली तर माणूस ओरडतं, शिव्या घालतं, आकाशपाताळ एक करतं. तू ओठ बघायचास आणि गुपचूप काढता पाय घ्यायचास. काळजी करत होतास म्हणे. असली काळजी काय चाटायची आहे? तिकडे तू एकटा बसलास, इकडे मी एकटी बसले, आणि मध्ये पोरीचा दात पडून गेला. भित्रा आहेस तू. भितोस म्हणून तुला माफ आहे, न सांगता जातोस ते माफ नाही. यापुढं फोन मी ठेवणार. माझा दम संपला की मी सांगेन, संपला म्हणून. आता बस तिथंच. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसता बस. जेवण गार होईल तुझं. होऊ दे. माझं रोजच होतं."